वस्तीसुधारणेचा निधी रहिवाशांच्या हाती : पिंपरी-चिंचवड महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका

विषय : वस्तीतील लहान सुधारणांसाठी रहिवाशांच्या गटांना थेट अनुदान देण्याबाबत

महापालिकेचा पैसा वस्तीतल्या लहान कामापर्यंत आज तीन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट खात्याची. स्थापत्य, उद्यान, विद्युत किंवा आरोग्य विभाग आपल्या यादीतून काम काढतो. दुसरी लोकप्रतिनिधीची. नगरसेवक काम सुचवतो आणि खाते ते अंदाजपत्रकात घालते. तिसरी वाट नागरिकांच्या सूचनांची. ती अलीकडची आणि सर्वांत अरुंद आहे. जगातल्या काही शहरांनी चौथी वाटही काढली आहे. तीत रहिवाशांचा गट स्वतः काम ठरवतो, आराखडा आणि खर्च मांडतो, श्रमाचा किंवा पैशाचा आपला वाटा देतो, उरलेली रक्कम महापालिका अनुदान म्हणून देते आणि पुढची देखभाल बऱ्याच अंशी तोच गट पाहतो. पिंपरी-चिंचवडमध्ये ही वाट रुळलेली नाही. या शहराला तिची गरज का आहे, ती कशी चालेल आणि कुठे बिघडेल, हे निगडीच्या उदाहरणाने येथे मांडले आहे.

महाराष्ट्रातला या दिशेचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग शेजारच्या पुण्यात झाला. नितीन करीर आयुक्त असताना पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवली. एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा होती आणि प्रत्येक प्रभागासाठीही ठरावीक रक्कम होती. पदपथ, बसथांबे, दिवे, सार्वजनिक स्वच्छतागृहे, कचरा, बागा अशा कामांसाठी नागरिकाने छापील अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, अभियंत्यांनी छाननी करायची, प्रभाग समितीने निवड करायची आणि निवडलेली कामे मुख्य अंदाजपत्रकात जायची, असा क्रम ठरला. पर्यावरण शिक्षण केंद्र आणि जनवाणी यांसारख्या संस्थांनी या कामात पालिकेला साथ दिली. भारतातल्या मोठ्या शहरात असा प्रयोग वर्षानुवर्षे चालू राहणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्याचे श्रेय पुण्याला द्यायलाच हवे.

मात्र पुण्याच्या प्रयोगात एक दुवा सुरुवातीपासून सुटला. नागरिक काम सुचवतो तिथे त्याचा संबंध संपतो. अंदाज खाते काढते, निविदा खाते काढते, बिल खाते देते. सुरुवातीच्या काळात वस्त्यांमध्ये बैठका झाल्या. पुढे अर्ज भरणे एवढाच भाग ठळक राहिला. ज्याला अर्ज लिहिता येतो, मुदत माहीत असते आणि कार्यालयात खेटे घालता येतात, त्याची सूचना पोहोचते. झोपडपट्टीतली नळकोंडाळ्याची अडचण बहुतेक वेळा त्या अर्जाच्या टेबलापर्यंत येतच नाही. शिवाय नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची स्वतंत्र 'स यादी' त्यांच्या हाताशी असल्याने नागरिकांच्या कामांना राजकीय पाठबळ कमीच मिळाले.

पिंपरी-चिंचवड महापालिकाही दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी नागरिकांच्या सूचना मागवते. तक्रारींसाठी श्रीकर परदेशी आयुक्त असताना २०१३ मध्ये सुरू झालेली 'सारथी' ही हेल्पलाइन आहे, आणि २०२२ पासून क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा भरवण्याची पद्धत आहे. ही तिन्ही साधने उपयोगी आहेत, पण तिन्हींमध्ये नागरिकाची भूमिका मागणाऱ्याची किंवा तक्रारदाराची आहे. १३ मार्च २०२२ रोजी लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यानंतरच्या प्रशासकीय काळात तर अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. नागरिकांचा स्वतःचा, हक्काचा धागा अंदाजपत्रकात किती बारीक आहे हे त्या काळाने पुरेसे दाखवले.

एका लहान कामाचा प्रवास जवळून पाहिला की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. निगडीच्या जवळपास प्रत्येक पेठेत महावितरणच्या डीपीमागे एक कोपरा असतो. घंटागाडी सकाळी येऊन जाते. पहिल्या पाळीला गेलेले आणि रात्रपाळीहून उशिरा परतलेले तिला चुकतात, आणि त्यांच्या पिशव्या या कोपऱ्यात पडतात. दुपारपर्यंत कुत्री पिशव्या फोडतात. रहिवासी तक्रार करतात, आरोग्य विभागाची गाडी ढीग उचलते, आठवड्यात ढीग परत होतो. त्या कोपऱ्याला काय हवे हे समोर राहणाऱ्यांना ठाऊक असते: डीपीपासून सुरक्षित अंतर ठेवून एक कठडा, दोन वाफे, वर एक दिवा, आणि सायंकाळच्या कचऱ्यासाठी बंद झाकणाचा डबा, ज्याची किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे राहील. खर्च फार नाही. पण आजच्या पद्धतीत हे एक काम नसून चार कामे आहेत. कठडा स्थापत्यचा, वाफे उद्यानचे, दिवा विद्युतचा आणि डबा आरोग्यचा. प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे, कनिष्ठ अभियंता किंवा निरीक्षक वेगळा, अंदाजही वेगळा. दरसूचीप्रमाणे अंदाज, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि मग बिल, एवढ्या पायऱ्या चार वेळा चढाव्या लागतात. साहजिकच खाते हे काम हातीच घेत नाही. त्याऐवजी अख्ख्या रस्त्याला पेव्हिंग ब्लॉक बसवण्याचे काम निघते, कारण ते एकाच लेखाशीर्षात बसते. कोपरा तसाच राहतो. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही. पद्धतच मोठ्या कामांच्या मापाने शिवलेली आहे.

अमेरिकेतल्या सिॲटल शहराने याच अडचणीवर १९८८ मध्ये उपाय काढला. शहराने वस्त्यांसाठी जोडनिधी उभारला. रहिवाशांच्या गटाने आपला प्रकल्प मांडायचा आणि शहराच्या अनुदानाला जोड म्हणून रोख रक्कम, देणगीत मिळालेले साहित्य, व्यावसायिकांची विनामूल्य सेवा किंवा स्वयंसेवकांचे श्रम द्यायचे. श्रमाचा तास ठरावीक दराने डॉलरात मोजला जातो. त्यामुळे ज्या वस्तीकडे पैसा नाही पण माणसे आहेत, तिलाही वाटा उचलता येतो. खेळाची मैदाने, सामूहिक बागा, भित्तिचित्रे अशी असंख्य कामे या निधीतून झाली. फ्रीमाँट भागात पुलाखालच्या ओसाड, कचऱ्याने भरलेल्या जागेत १९९० मध्ये एका अजस्र राक्षसाचे शिल्प उभे राहिले. त्याच्या मुठीत खरी फोक्सवॅगन मोटार आहे. आज ते शहराचे प्रेक्षणीय स्थळ आहे, आणि त्यालाही याच निधीची मदत झाली होती. निगडीत मधुकर पवळे उड्डाणपुलाखालून रोज जाणाऱ्याला पुलाखालच्या जागेचे काय होऊ शकते हा प्रश्न परका वाटणार नाही.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा एक भाग वस्त्यांच्या सभांपुढे ठेवला. तिथली शिकण्यासारखी गोष्ट सूत्राची आहे. निधी वाटताना लोकसंख्येबरोबर त्या भागात सुविधा किती कमी आहेत हेही गुणांत मोजले गेले, त्यामुळे गरीब वस्त्यांना अधिक रक्कम मिळाली. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि अनेक कामे ठेकेदाराऐवजी लाभार्थ्यांच्या समित्यांकडून करून घेतली.

महाराष्ट्रालाही हा विचार नवा नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले तेव्हा खेड्यांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून रस्ते झाडले, गटारे काढली, शौचालये बांधली, आणि सरकारने बक्षिसे दिली. लोक राबायला तयार असतात हे त्या अभियानाने दाखवून दिले. मात्र बक्षीस कामानंतर मिळत असल्याने ज्यांच्याकडे सुरुवातीलाच काही नव्हते त्यांना त्याचा आधार थोडा होता. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९०च्या दशकात कचऱ्याचे वर्गीकरण आणि गल्लीची देखभाल स्वतःकडे घेतली. त्यातून मुंबई महापालिकेची 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना उभी राहिली आणि शेकडो गल्ल्यांमध्ये पसरली. त्या गटांना महापालिकेने मान्यता दिली, अधिकाऱ्यांशी थेट बोलण्याची सोय दिली, पण स्वतःचा निधी दिला नाही. उत्साही माणसे थकली किंवा राहायला दुसरीकडे गेली की गट थंडावले. अनुदानाची बाजू लंगडी राहिली तर काय होते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

शहरांसाठी ग्रामसभेसारखी रचना महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर महापालिका अधिनियमात प्रभाग समित्या आल्या, त्यांत नोंदणीकृत सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींनाही जागा ठेवली गेली. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद आणली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले सर्व मतदार तिचे सदस्य. ती तरतूद बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. निधी नसलेल्या सभेला लोक का येतील, हा साधा प्रश्न आहे. अनुदानाची योजना क्षेत्रसभेला जोडली तर सभेला काम मिळेल आणि अनुदानाला सार्वजनिक मान्यता.

निगडी अशा प्रयोगासाठी योग्य जागा आहे, आणि त्याची कारणे तिच्या घडणीत आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने कारखान्यांतल्या कामगारांसाठी पेठा आखल्या. प्राधिकरणाच्या त्या पेठांमध्ये रुंद रस्ते, बागा आणि मोकळ्या जागा आराखड्यातूनच मिळाल्या. त्यांच्या पलीकडे जुने निगडी गावठाण, यमुनानगर, पेठ क्रमांक २२ मधली ओटा स्कीम, आणि पुढे साईनाथनगर, त्रिवेणीनगर, रुपीनगर. एकाच निगडीत एका बाजूला सकाळी फिरणाऱ्यांसाठी दुर्गादेवी टेकडी आणि भक्ती-शक्ती उद्यान आहे, तर दुसऱ्या बाजूला दोन रिक्षा शेजारून जाणार नाहीत अशा गल्ल्या. कामकाजही 'अ' आणि 'फ' अशा दोन क्षेत्रीय कार्यालयांत विभागलेले आहे. जी योजना प्राधिकरणातल्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या संघाला आणि रुपीनगरच्या महिला बचत गटाला सारखीच पेलेल, ती शहरात कुठेही चालेल.

निगडीची सर्वांत मोठी ठेव तिथली माणसे आहेत. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेले फिटर, वेल्डर, टर्नर, वायरमन आणि पॅटर्नमेकर येथे गल्लोगल्ली राहतात. गवंडी आणि सुतार तर आहेतच. बागेचे मोडके फाटक, हललेली घसरगुंडी, गंजलेली बाकडी दुरुस्त करायला लागणारे कौशल्य महापालिकेला बाहेरून विकत घ्यावे लागते आणि ते त्याच गल्लीत निवृत्त होऊन बसलेले असते. शासनाच्या दरसूचीत वेल्डर, सुतार, गवंडी यांची रोजची मजुरी लिहिलेली असतेच. तोच दर लावून रहिवाशांच्या श्रमाची किंमत काढली आणि ती गटाचा वाटा म्हणून धरली, तर सिॲटलच्या जोडनिधीला निगडीत एक नवेच वजन येईल. हा मुद्दा या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मानावा. ठेकेदाराने बसवलेले बाकडे तुटले की लोक महापालिकेला फोन करतात; स्वतःच्या हाताने वेल्ड केलेले बाकडे हलू लागले की तो माणूस पान्हा घेऊन खाली उतरतो.

काही अडचणी निगडीच्या खास आहेत. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे यमुनानगर, पेठ २२, त्रिवेणीनगर आणि रुपीनगरचे भाग रेड झोनच्या, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्याच्या, वादात आहेत. पेठ २२ मधला झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्प त्याच कारणाने अडकला. तिथे सभागृह किंवा विरंगुळा केंद्र बांधण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. गटारांची झाकणे, उतार, दिवे, सावलीची झाडे, भिंतींची रंगरंगोटी, मुलांच्या खेळाचे हलवता येणारे साहित्य अशी बांधकाम नसलेली कामे तिथे लगेच करता येतात, आणि लहान अनुदानाचा उपयोग अशाच कामांना सर्वाधिक होतो. दुसरी अडचण जागेच्या मालकीची आहे. सोसायटीच्या कुंपणाआड सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही, आणि तो करूही नये. गुंठेवारीच्या वस्त्यांत मात्र गल्ली कोणाच्या नावावर आहे हेच स्पष्ट नसते. ज्या गल्लीत महापालिकेची जलवाहिनी, मलवाहिनी किंवा पथदिवा आधीच आहे ती या योजनेपुरती सार्वजनिक धरावी, असा नियम केल्यास गरीब वस्त्या पहिल्याच चाळणीत गळणार नाहीत.

सभेची वेळ ही किरकोळ बाब वाटते, पण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. जनसंवाद सभा सोमवारी सकाळी भरते. त्या वेळी पहिल्या पाळीतला कामगार यंत्रावर उभा असतो, रात्रपाळीवाला झोपलेला असतो आणि घरकामाला जाणारी बाई चौथ्या घरी भांडी घासत असते. या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अनुदानाच्या सभा गुरुवारी सायंकाळी, आणि नोकरदारांसाठी रविवारी, वस्तीतल्याच शाळेत किंवा मंदिराच्या पटांगणात घ्याव्यात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निगडीत येते तेव्हा पाणी, फराळ, सावली, स्वच्छता यांची कामे मंडळे, महिला गट आणि सोसायट्या काही दिवसांत आपसांत वाटून घेतात. काम वाटून घेण्याची सवय निगडीला आहे. त्या सवयीला वर्षभर पुरेल असा निधी नाही.

रकमेचा हिशेब अवघड नाही. २०२५-२६ चे महापालिकेचे मूळ अंदाजपत्रक, केंद्राच्या योजना वगळून, सुमारे ६ हजार २५६ कोटी रुपयांचे होते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ३१ कोटी. ३२ प्रभागांत समान वाटल्यास प्रत्येकी ९७-९८ लाख येतात. पण समान वाटणी न्याय्य ठरणार नाही. निम्मी रक्कम लोकसंख्येप्रमाणे आणि निम्मी सुविधांच्या उणिवेप्रमाणे द्यावी. रस्त्याची रुंदी, दिव्यांची संख्या, उद्यानाचे अंतर, सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून असलेली घरे ही माहिती महापालिकेकडे आहेच. कामांचे दोन स्तर पुरेत. ५० हजारांपर्यंतची कामे क्षेत्रीय अधिकाऱ्याने १५ दिवसांत मंजूर करावीत आणि त्यांना एकाच पानाचा अर्ज असावा. त्यापुढे ५ लाखांपर्यंतची कामे क्षेत्रसभेत मांडली जावीत. ५ लाखांची मर्यादा पुण्याच्या अनुभवातून घेतलेली आहे, आणि ती काम लहान ठेवायला पुरेशी कडक आहे.

अर्जदार कोण, यावर योजनेचे भवितव्य ठरेल. नोंदणीकृत सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट आणि गणेश मंडळे यांच्याकडे बँक खाते आणि हिशेबाची सवय असते. पण केवळ नोंदणीची अट घातली तर प्राधिकरणातल्या पेठाच पुढे राहतील. म्हणून नोंदणी नसलेल्या गल्लीतल्या ठरावीक घरांनी एकत्र येऊन, किमान निम्म्या महिला असलेली समिती केली आणि संयुक्त खाते उघडले, तर तिला पात्र धरावे. अशा समितीला अंदाज काढून देण्यासाठी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक कनिष्ठ अभियंता याच कामाला नेमावा. त्याने डीपीमागच्या कोपऱ्याला चार फाइली न करता एकच करावी, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात 'वस्ती अनुदान' हे एकच लेखाशीर्ष उघडावे. पैसा तीन हप्त्यांत द्यावा: सुरुवातीला ४० टक्के, अर्धे काम पाहून ४० टक्के आणि हिशेब सादर झाल्यावर उरलेले. सगळी रक्कम काम झाल्यावर देण्याची अट घातली तर ज्यांच्या गाठीला पैसा आहे तेच अर्ज करतील.

योजना बिघडण्याच्या जागाही आधीच दिसतात. पहिली, नावाची. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या बाकड्यावर कोणाचे तरी संकल्पनेचे आणि सौजन्याचे नाव येते. अनुदानाच्या कामावर कोणत्याही व्यक्तीचे नाव, छायाचित्र किंवा पक्षाचे चिन्ह नसावे. फक्त गल्लीचे नाव, वर्ष आणि खर्च असावा. दुसरी, ठेकेदाराच्या शिरकावाची. एकच माणूस दहा समित्यांचे अर्ज भरून देऊ लागला की योजना त्याची झाली असे समजावे. म्हणून एका पुरवठादाराला एका प्रभागात किती कामे मिळाली हे संकेतस्थळावर दिसले पाहिजे. तिसरी, धार्मिक वास्तू आणि अतिक्रमणे यांची. तिथे एकही रुपया जाऊ नये. चौथी, नगरसेवकांची नाराजी. ती टाळण्यासाठी त्यांना योजनेबाहेर ठेवणे व्यवहार्य नाही. क्षेत्रसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे असावे, निवड मात्र उपस्थित रहिवाशांच्या मतदानाने व्हावी. खर्चाची बिले कामाच्या जागी फलकावर लावावीत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधल्या कलम ४ ने स्वतःहून माहिती उघड करण्याचे जे कर्तव्य सांगितले आहे, त्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

देखभालीचा करार तीन वर्षांचा असावा. गटाने काय करायचे आणि महापालिकेने काय करायचे हे त्यात एका पानावर लिहिलेले असावे. झाडांना पाणी घालण्याचे काम गटाचे म्हणणे सोपे आहे, पण नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येते. पिण्याचे पाणी वाफ्यांना कोणी घालणार नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी टँकरने ठरलेल्या दिवशी पोहोचवणे ही महापालिकेची बाजू राहील. दिव्याचे वीजबिल आणि डबा रिकामा करणे हेही तिचेच. रंग, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती आणि लक्ष ठेवणे हे गटाचे. ज्या गटाने तीन वर्षे करार पाळला त्याला पुढच्या अर्जात प्राधान्य मिळावे, आणि ज्याने तो मोडला त्याच्या गल्लीला कायमचे बाद न करता नव्या समितीला संधी द्यावी.

पुढील आर्थिक वर्षासाठी हे सुरू करायचे असेल तर वेळापत्रक असे बसते. जुलैपर्यंत 'अ' आणि 'फ' क्षेत्रीय कार्यालयांपुरते नियम आणि अर्जाचा मराठी नमुना प्रसिद्ध व्हावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गणेशोत्सवाच्या तयारीसाठी मंडळे एकत्र येतातच त्या काळात, वस्त्यांत सभा व्हाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अभियंत्यांनी जागेवर जाऊन अंदाज काढावेत, डिसेंबरमध्ये क्षेत्रसभांनी निवड करावी आणि जानेवारीत यादी स्थायी समितीकडे जाणाऱ्या अंदाजपत्रकात समाविष्ट व्हावी. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण लिहून ते अर्जदाराला कळवावे. पहिल्या वर्षाचा हिशेब, झालेली आणि रखडलेली कामे, प्रत्येक कामातला रहिवाशांच्या श्रमाचा वाटा, हे सर्व मुख्य लेखापरीक्षकांच्या अभिप्रायासह प्रसिद्ध झाल्यानंतर उरलेल्या सहा क्षेत्रीय कार्यालयांत योजना न्यायची की नियम बदलायचे, याचा निर्णय घ्यावा.

निगडीतील एक रहिवासी